पट्टीवरचा हरताळ

एका पुस्तकाची शब्दसूची करायला घेतली होती. पुस्तक डोंगरभटकंतीचं, त्यामुळे 'दऱ्या' हा शब्द पानोपानी. शोध घेतला तर संगणकाने १७ जागा दाखवल्या. मला ते पटेना. पहिल्या दोन प्रकरणांतच मी दहाबारा दऱ्या ओलांडल्या होत्या आणि प्रकरणं होती १३. मग डोळ्यांनी शोधायला बसले. चौथ्या प्रकरणात एकाच पानावर ३ सापडल्या. यंत्र त्यांच्यावरून खुशाल पुढे जात होतं.

दोन्ही प्रकारचे शब्द एकाखाली एक आणून ठेवले. अक्षर मोठं केलं, आणखी मोठं केलं. द, मग पापणीसारखा आडवा झोपलेला अर्धा र, मग या. केसाचाही फरक नाही. शेवटी दोघांची लांबी मोजायला सांगितली. एकाची आली ५, दुसऱ्याची ६.

आता हे सहावं कोण?

फाइलच्या आतले नुसते आकडे उघडून बघितले, तेव्हा र, त्याचा मोडलेला पाय आणि य यांच्यामध्ये कुणीतरी अंग चोरून बसलेलं दिसलं. हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीत, त्याचा क्रमांक २००डी. त्याला रुंदी नाही, आकार नाही, उच्चार नाही. 'या र चा रफार करू नका, अर्धाच राहू द्या' एवढंच सांगायला तो तिथे होता. आणि हे सांगणं माझ्यासाठी नव्हतंच. ते अक्षरं रेखाटणाऱ्या प्रोग्रॅमसाठी होतं. मी वाचक, माझ्या नजरेआडून त्यांचं आपसात बोलणं चाललं होतं.

नाटकाच्या संहितेत रंगसूचना असतात. 'दचकून मागे बघतो' असं कंसात लिहिलेलं असतं. नट दचकतो, मागे बघतो, ते शब्द म्हणत नाही. एखादा नवखा भर तालमीत 'दचकून मागे बघतो' असं खणखणीत आवाजात म्हणून टाकतो आणि सगळे पोट धरून हसतात. संगणकातल्या मजकुराची अडचण अशी की तिथे कंसच नाहीत. संवाद आणि सूचना एकाच ओळीत, एकाच जातीच्या आकड्यांत लिहिलेल्या असतात. कुठला आकडा म्हणायचा आणि कुठला पाळायचा हे वाचणाऱ्याने आधीच पाठ केलेलं असावं लागतं. इतकी वर्षं मजकुराच्या फाइली निस्तरून माझं मत असं झालंय की या धंद्यातली बहुतेक डोकेदुखी तिथूनच निघते. कुणीतरी म्हणायचं ते पाळतं, किंवा पाळायचं ते म्हणून बसतं.

ही सरमिसळ संगणकाने सुरू केलेली नाही. ती तारायंत्राची देणगी. एमिल बोदो या फ्रेंच अभियंत्याने १८७४ साली पेटंट घेतलेल्या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला ५ खुणा होत्या, म्हणजे एकूण शक्यता ३२. रोमन अक्षरंच २६; मग अंक, विरामचिन्हं ठेवायची कुठे? तोड निघाली ती अशी: एक संकेत 'इथून पुढे अंक समजा' आणि दुसरा 'इथून पुढे अक्षरं समजा'. हे दोन संकेत स्वतः काहीच छापत नाहीत, पुढच्याचा अर्थ तेवढा पालटतात. यातला एखादा वाटेत गळला की उरलेला निरोप आकड्यांचा रांजण. पुढे १९०१ साली न्यूझीलंडच्या डोनाल्ड मरे यांनी टाइपरायटरसारखा कळफलक आणि भोकं पाडलेली कागदी पट्टी आणली. त्यांच्या संकेतांत आणखी दोन हुकूम आले. एक कॅरेज, म्हणजे छपाईचा सरकता भाग, ओळीच्या सुरुवातीला मागे नेण्याचा, दुसरा कागद ओळभर वर सरकवण्याचा. तुम्ही एंटर दाबता तेव्हा हे दोघंच, किंवा दोघांपैकी एक, अजून कामावर हजर होतात.

मग आला ॲस्की, प्रत्येक अक्षराला एकेक आकडा ठरवून देणारा तक्ता. १९६३ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झालेला आणि १९६७ च्या सुधारणेत छोट्या लिपीतली अक्षरं मिळालेला हा तक्ता ७ बिटांचा, म्हणजे ० किंवा १ अशा सात खुणांचा, १२८ जागांचा. त्यातल्या पहिल्या ३२ जागा आणि अगदी शेवटची, अशा ३३ जागा हुकमांना दिल्या आहेत. म्हणजे चौथाईहून जास्तच.

थोडं थांबून सांगते. 'ॲस्की' हा शब्दसुद्धा याच रोगाने आजारी आहे. मी इथे वापरलेला ॲ हे एकच अखंड अक्षर आहे, युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांना आकडे देणाऱ्या आजच्या तक्त्यात, त्याला नंतर स्वतंत्र जागा मिळाली. जुन्या फाइलींत तेच अक्षर अ, मग तोच २००डी, मग चंद्र, असं तिघांना मिळून उभं केलेलं असतं. दिसायला जुळी भावंडं. शोधायला गेलात तर एकमेकांना ओळख देत नाहीत.

तर त्या ३३ पैकी शेवटचा, १२७ क्रमांकाचा, माझा सगळ्यात आवडता. त्याचं नाव डिलीट. बाकीचे ३२ हुकूम तक्त्याच्या सुरुवातीला ओळीने बसलेत आणि हा एकटाच पार दुसऱ्या टोकाला का, हे मला बरीच वर्षं उमगलं नव्हतं. उत्तर कागदी पट्टीत आहे. पट्टीवर एका चिन्हासाठी एका आडव्या ओळीत ७ जागा; भोक म्हणजे १, कोरी जागा म्हणजे ०. भोक एकदा पडलं की ते बुजवता येत नाही, जास्त भोकं मात्र पाडता येतात. चुकीचं अक्षर गेलं तर पट्टी एक घर मागे घ्यायची आणि त्या ओळीतल्या सातही जागा भोसकून टाकायच्या. सात वेळा १, म्हणजे १२७. वाचणाऱ्या यंत्राला सांगून ठेवलेलं: सातही भोकं दिसली की इथे काही लिहिलेलंच नाही असं समज. आणि एकही भोक नसलेली ओळ, म्हणजे ०, तीही अशीच निरर्थक. पट्टीच्या सुरुवातीचा आणि शेवटचा कोरा भाग.

आपल्या जुन्या पोथ्यांत लेखनिकाची चूक झाली की त्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देत. 'हरताळ फासणे' तिथूनच आलं. खोडायचं नाही, फाडायचं नाही, वर आणखी काहीतरी चढवून नाहीसं करायचं. १२७ ची भोकं पाडणाऱ्यांनी पोथी पाहिली असेल असं मुळीच नाही, पण अडचण तीच असली की युक्तीही तीच सुचते. आज पट्ट्या गेल्या, भोकं गेली. १२७ मात्र आपल्या जागी बसून आहे.

कॅरेज परत आणि ओळ पुढे, हे दोन वेगळे हुकूम का, हाही प्रश्न मला तरुणपणी छळायचा. नवी ओळ ही एकच तर गोष्ट. पण टेलिटाइप मॉडेल ३३ सारखं यंत्र डोळ्यांपुढे आणा. सेकंदाला १० अक्षरं छापायचा त्याचा वेग. ओळीच्या उजव्या टोकाला पोचलेला छपाईचा ठोकळा डाव्या कडेला परत यायला एका अक्षराच्या वेळेपेक्षा जास्त वेळ घेई. तो वाटेत असताना पुढचं अक्षर येऊन थडकलं तर ते कुठेतरी ओळीच्या मध्येच उमटायचं. म्हणून आधी 'परत ये', क्रमांक १३. तो धावत असताना 'कागद वर', क्रमांक १०. तेवढ्यात ठोकळा घरी पोचलेला. कुठे तेवढाही वेळ पुरत नसे, तिथे आणखी एकदोन शून्यं पाठवायची, नुसता वेळ काढायला. दोन्ही हुकूम सुटे असल्याचा एक फायदाही होता. नुसतं १३ पाठवून तीच ओळ पुन्हा वरून छापता येई, म्हणजे अक्षरं ठळक. मागे ये हा ८ क्रमांकाचा हुकूम वापरून अक्षराखाली रेघ किंवा अक्षरावर स्वराची खूण देता येई. ॲस्कीतली ती टोपीसारखी ^ खूण आणि नागमोडी ~ यांच्यामागे अक्षरावर चढण्याचाही विचार होता. पुढे पडद्यावर एका जागी दोन अक्षरं मावेनाशी झाली आणि बिचाऱ्या सुटी चिन्हं म्हणून उरल्या.

ठोकळा गेला आणि भांडण उरलं. युनिक्सने नव्या ओळीसाठी नुसतं १० घेतलं. जुन्या मॅकिंटॉशने नुसतं १३. डॉसने, आणि पुढे विंडोजने, दोन्ही. इंटरनेटवरची पत्रं आणि पानं पोचवणारे नियमही दोन्ही मागतात. यातला एक शहाणा आणि बाकीचे वेडे, असं मला वाटत नाही. खरं तर नव्या ओळीसाठी एक ताजा आकडा तेव्हाच ठरवायला हवा होता, पण ज्याच्या घरात जे यंत्र होतं त्याने त्याप्रमाणे सोय पाहिली.

या भांडणाचा मला बसलेला एक चटका सांगते, कारण त्यात रंगसूचना संवादालाच कशी गिळते ते अगदी जवळून दिसतं. विंडोजवर केलेली फाइलनावांची यादी मी लिनक्सवरच्या एका छोट्या प्रोग्रॅमला खायला दिली. प्रत्येक ओळीच्या शेवटी १३ आणि १०. प्रोग्रॅमने १० पाहून ओळ तोडली आणि १३ ला नावाचं शेवटचं अक्षर समजून नावातच ठेवलं. अशा नावाची फाइल अर्थात नव्हती. त्याने इमानदारीत तक्रार छापली: आधी नाव, मग 'ही फाइल सापडली नाही'. पण नाव छापताना शेवटी आलेलं १३ पडद्याने मात्र पाळलं. कर्सर ओळीच्या सुरुवातीला गेला आणि पुढचे शब्द नावावरच छापले गेले. पडद्यावर उरलं फक्त 'ही फाइल सापडली नाही'. कुठली फाइल? ते सांगणारे शब्द तक्रारीनेच खाल्ले होते. दीड तास मी रिकाम्या नावाची फाइल शोधत होते.

अशा वेळी अदृश्याला दृश्य करायची एक जुनी रीत कामी येते. प्रत्येक हुकमापुढे टोपी आणि एक अक्षर. १३ म्हणजे ^एम, ७ म्हणजे ^जी. ही टोपी म्हणजे आपल्याकडचं काकपदच, गळलेलं अक्षर वर लिहून खाली जी खूण करतात ती. इथेही ती डोळ्यांतून गळलेलंच दाखवते. अक्षरं मनाला येईल तशी निवडलेली नाहीत. रोमन वर्णमालेत एम तेरावा आणि जी सातवा. ॲस्कीत मोठा ए ६५ वर आहे, म्हणून एम ७७ वर. ७७ मधून ६४ वजा केले की १३. कळफलकावरची कंट्रोल कळ मुळात एवढंच करत असे: ६४ चा बिट काढून घ्यायचा. कंट्रोल आणि जी दाबलं की ७ जायचा आणि पलीकडच्या यंत्रातली खरीखुरी घंटा वाजायची. कंट्रोल-आय म्हणजे टॅब, कंट्रोल-एच म्हणजे मागे ये. खुद्द डिलीटचं चिन्ह ^?, कारण प्रश्नचिन्ह ६३ वर आहे, त्यात ६४ चा बिट नाहीच. तिथे तो घालायचा आणि १२७ व्हायचं.

कंट्रोल-एस हे माझ्या पहिल्या नोकरीतलं बिंग. काळ्या पडद्यावरच्या टर्मिनलमध्ये काम करताना दर पाच मिनिटांनी हात आपोआप कंट्रोल-एस दाबायचा, 'जतन कर' म्हणून. पडदा गोठायचा. कळा दाबल्या तरी ढिम्म. मी खिडकी बंद करून सगळं पहिल्यापासून सुरू करायचे, आणि हे मी महिनाभर केलं, कुणाला न सांगता. एस ८३ वर. ८३ वजा ६४, १९. एकोणिसावा हुकूम 'थांब, माझी पट्टी भरत आली' असं सांगणारा, आणि सतरावा, कंट्रोल-क्यू, 'हं, आता पाठव'. पडदा बिघडला नव्हता. मी त्याला गप्प बस म्हटलं होतं आणि तो माझं ऐकत होता.

बाकीच्या हुकमांची गत वेगवेगळी झाली. शीर्षक सुरू, मजकूर सुरू, मजकूर संपला, पोचलं, पोचलं नाही, ही तारेवरच्या शिष्टाचाराची भाषा होती. ती कामं पुढे दुसऱ्या यंत्रणांनी उचलली. पाचवा हुकूम 'तू कोण?' असं विचारायचा आणि पलीकडच्या टेलिटाइपमधलं दात्यांचं छोटं पिंप फिरून त्या यंत्राचं ठरलेलं नाव आपोआप परत पाठवायचं. मला वाईट वाटतं ते २८ ते ३१ या चौघांचं. फाइल, गट, नोंद आणि रकाना वेगळे करण्यासाठी चार खास चिन्हं तेव्हापासून तयार आहेत. आपण मात्र रकाने स्वल्पविरामाने तोडतो. मग नावात, पत्त्यात, वाक्यात स्वल्पविराम आला की सगळी यादी एक घर सरकते, म्हणून अवतरणचिन्हं घालतो, मग मजकुरातच अवतरणचिन्ह येतं. हे रामायण मी आठवड्यातून एकदा तरी निस्तरते. ते चौघे का वापरले गेले नाहीत? माझ्या मते साधं कारण आहे: त्यांची कळ फलकावर दिसत नाही आणि ते पडद्यावर दिसत नाहीत. माणूस जे पाहू शकत नाही त्यावर यादी सोपवायला तयार होत नाही, आणि त्यात त्याचं फार चुकतं असंही नाही.

सगळ्यांत लांबचा हात मारला तो २७ ने. एस्केप. ॲस्की घडवणाऱ्यांपैकी एक, बॉब बेमर, यांनी त्याचा आग्रह धरला. कल्पना अशी की १२८ जागा कधी ना कधी अपुऱ्या पडणारच, तेव्हा एक जागा 'आता पुढचं वेगळ्या अर्थाने घ्या' असं म्हणण्यासाठी राखून ठेवू. बोदोंच्या अंक-अक्षर पालटाचाच हा नातू. एस्केप, चौकोनी कंस, ३१, छोटा एम, असं पाठवलं की टर्मिनलवरची पुढची अक्षरं लाल होतात. १९७८ साली आलेल्या व्हीटी १०० या टर्मिनलने ही बोली घरोघर नेली आणि आजचं टर्मिनलही तीच बोलतं. मजकुरात अदृश्य अक्षर दृश्य रूपात लिहायला आपण जी उलटी तिरकी रेघ वापरतो, म्हणजे रेघ आणि एन असं लिहिलं की नवी ओळ, ती रेघ ॲस्कीत आणण्याचं श्रेयही बेमर यांनाच देतात.

युनिकोड आल्यावर या जुन्या मंडळींचं काय झालं, तर त्यांना जसंच्या तसं ठेवून घेतलं. ॲस्कीतले ३३ आणि ८ बिटांच्या काळात वाढलेले १२८ ते १५९ हे ३२, असे एकूण ६५. लाखाच्या वर चिन्हांना नाव देणाऱ्या युनिकोडने या ६५ जणांच्या नावाच्या रकान्यात नुसतं 'कंट्रोल' लिहून ठेवलंय. ७ क्रमांकाची ती घंटा तर अशी अनामिक राहिली की २०१० साली 'बेल' हे नाव घंटेच्या इमोजीला देऊन टाकलं.

आता देवनागरीकडे येते, कारण माझी खरी करमणूक इथे आहे. युनिकोडमध्ये आपली लिपी हेक्समधल्या ०९०० पासून सुरू होते. एक पद्धत अशी की प्रत्येक अक्षराचा क्रमांक सरळ दोन बाइटांत, म्हणजे ८-८ बिटांच्या दोन तुकड्यांत, लिहायचा. मग प्रत्येक देवनागरी अक्षराचा पहिला बाइट ०९, आणि ९ म्हणजे टॅब! जुन्या, फक्त ॲस्की कळणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती अशी फाइल पडली तर? 'इच्छा' हा शब्द घेऊ. इ म्हणजे ०९०७: टॅब, मग घंटा. च म्हणजे ०९१ए: टॅब, मग २६, ज्याला डॉस 'फाइल संपली' समजायचा. तिथून पुढे वाचलंच तर पाय मोडल्याची खूण ०९४डी: टॅब, मग रोमन एम. छ म्हणजे ०९१बी: टॅब आणि एस्केप. शेवटी काना ०९३ई: टॅब आणि 'पेक्षा मोठे'ची खूण. माणसाने इच्छा व्यक्त केली आणि यंत्राला ऐकू आली एक घंटा, लगेच समाप्ती. दीर्घ ऊ तर टॅब आणि नवी ओळ. ओ मध्ये तो माझा जुना १९, 'थांब'. ही एका लिपीची बदनामी नव्हे. दोन बाइटांच्या या पद्धतीत जगातल्या कुठल्याही लिपीच्या पोटात असे हुकूम दडू शकतात. इंग्रजी मजकुरात तर एक आड एक शून्य.

यावरचा उपाय सप्टेंबर १९९२ मध्ये युनिक्स घडवणाऱ्यांपैकी एक, केन थॉम्प्सन, यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत टेबलावरच्या कागदी मॅटवर मांडला, समोर त्यांचे सहकारी रॉब पाइक होते. तोच यूटीएफ-८. त्याचा कणा एवढाच: ॲस्कीतलं अक्षर असेल तर जसंच्या तसं एक बाइट, बाकी कुठलंही अक्षर असेल तर त्याचे सगळे बाइट १२८ किंवा त्याच्या वरचे. त्यामुळे इच्छेचे बाइट होतात १५. पहिल्या इ चे २२४, १६४, १३५, आणि असंच पुढे. जागा जास्त लागते, पण १२८ च्या खाली एकही आकडा नाही. घंटा वाजली तर कुणीतरी खरोखर घंटाच पाठवली आहे. दहा दिसले तर ओळ संपलीच. मी आजवर पाहिलेल्या हिशेबांतला हा सगळ्यांत देखणा हिशेब आहे.

छ चं नशीब मात्र इथेही आडवं आलं. त्याचे तीन बाइट २२४, १६४, १५५. आणि १५५ ही ८ बिटांच्या काळातली 'एस्केप आणि चौकोनी कंस' यांची एकत्र जोडगोळी. यूटीएफ-८ न कळणाऱ्या, ८ बिटांचे हुकूम पाळणाऱ्या टर्मिनलवर छ लिहिला की ते पुढच्या अक्षरांकडे हुकूम म्हणून बघू लागतं. दोन वेगवेगळ्या पद्धती, दोन्हींत छ च्या शेपटाला एस्केप. हा योगायोग सापडला त्या दिवशी मी कामधाम सोडून छ चे शब्द लिहीत बसले होते.

२००डी आणि त्याचा भाऊ २००सी हे त्या ६५ जणांत मोडत नाहीत. युनिकोड त्यांना 'मांडणीची अक्षरं' म्हणतं. पण वृत्ती तीच. २००डी म्हणतो जोडा, २००सी म्हणतो जोडू नका. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली ठरलेल्या इस्की या मानकात हे वेगळ्या रीतीने होतं: पाय मोडण्याची खूण दोनदा दिली की पाय उघड मोडलेला दिसायचा, आणि तिच्यापुढे नुक्ता दिला की अर्धं अक्षर. युनिकोडने त्यासाठी ही अदृश्य जोडी दिली. इमोजीतलं कुटुंबही २००डीनेच एकत्र बांधलेलं असतं. आणि अशाच जातीतली, मजकूर उजवीकडून डावीकडे फिरवणारी, अक्षरं अरबी-हिब्रूसाठी अत्यावश्यक आहेत. पण २०२१ साली केंब्रिजच्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी दाखवून दिलं की तीच प्रोग्रॅमच्या मजकुरात पेरली तर तपासणाऱ्या माणसाला एक वाचायला मिळतं आणि यंत्र दुसरंच चालवतं. कंस नसलेल्या रंगसूचनेचा हा पक्का गैरफायदा.

माझ्या दऱ्यांत कुणाचा डाव नव्हता. पापणीचा अर्धा र लिहायला युनिकोडला दोन्ही वाटा मान्य आहेत: ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याचा पाय मोडा, किंवा साध्या र चा पाय मोडून पुढे २००डी ठेवा. लेखकाने पहिली चार प्रकरणं एका कळफलकावर आणि उरलेली दुसऱ्यावर लिहिली असावीत, मध्येच काही पानं इकडची तिकडे गेली असावीत. २००डी नुसता उडवून चालणार नव्हतं. तो गेला की दऱ्यांचा दर्या होतो, आचाऱ्यांचे आचार्य होतात. म्हणून आधी जिथे जिथे र, मोडका पाय आणि २००डी होते तिथे ऱ घातला. इथवर ठीक. पण त्या दिवशी मी अदृश्य मंडळींवर इतकी वैतागले होते की पुढे एका ओळीचा हुकूम लिहून पुस्तकातले उरलेले सगळे २००डी आणि २००सी झाडून काढले, फाइल जतन केली, पाठवून दिली.

दोन दिवसांनी लेखकाचा फोन. आवाज शांत, म्हणजे जास्तच रागावलेले. "ताई, माझ्या उद्‌घाटनातला घ त्या द च्या पोटाखाली कुणी लटकवला? आणि वाङ्‌मय? षट्‌कोन? मी प्रत्येक ठिकाणी मुद्दाम सुटं लिहिलं होतं. त्यासाठी वेगळी कळ दाबावी लागते, माहीत आहे ना?"

माहीत होतं. ती कळ म्हणजेच २००सी. लेखकाने हाताने, एकेक करून, दीडशेहून अधिक ठिकाणी ती दाबली होती, आणि मी कचरा म्हणून लोटून दिली होती. जुनी प्रत होती म्हणून वाचले. अदृश्य अक्षरं ठिपक्यांनी दिसतील असं करून सगळं पुस्तक पुन्हा चाळलं आणि एकेक २००सी आपल्या जागी आणून बसवला.

शब्दसूचीत 'दऱ्या' आता एकाच नोंदीखाली आहेत, एकूण ४३. 'उद्‌घाटन' मात्र मी दोनदा शोधते, एकदा ते अक्षर घालून आणि एकदा न घालता, आणि मग दोन्हींकडचे पानांचे आकडे एका ओळीत लिहिते. स्वल्पविरामांनी तोडून.